मत संजीवनीला, जीव गामिनीत

आमच्या कबड्डी मंडळाच्या अध्यक्षांनी सायकलवाल्या अण्णांना फसवलं. मी व्यापारी माणूस आहे. भाव आधी सांगतो, घासाघीस नंतर.

अण्णांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान सोलापुरात आमच्या पेठेत, कबड्डीच्या मैदानाला लागून होतं. त्यांच्यासमोर 'चांगलं' हा शब्द कुणाला फुकट वापरता येत नसे. एकदा मी म्हणालो, "अण्णा, मऊ भाकरीपेक्षा कडक भाकरी चांगली."

"कशावरनं?"

"आमच्या घरी तीच खातात."

"मग 'आमची' म्हण की रे! त्या मऊ भाकरीनं तुझं काय घोडं मारलंय?"

त्यांचा नियम एकच: "आदी नावडत्याची बाजू सांग. ती नीट सांगितलीस तरच तुझी ऐकीन." आज माझा चादरींचा धंदा उभा आहे तो या नियमावर. सूतवाल्याच्या मालातलं बरं काय ते मी आधी त्याला ऐकवतो. तो सैल पडतो, मग मी तोंड उघडतो. माझ्यासारख्या तापट माणसाला याहून मोठं भांडवल कुणी दिलं नसेल.

तरुणपणी अण्णांच्या पकडीतून सुटलेला गडी पेठेत कौतुकाने दाखवत. ते गामिनी पद्धतीची कबड्डी खेळत. त्यात बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. सत्तरच्या दशकात आमच्याकडे संजीवनीचा बोलबाला झाला: समोरचा गडी बाद केला की आपला बसलेला गडी परत आत. मंडळात दोन तट पडले. तेव्हा अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, तुम्ही आमचे पंच. तुमचा शब्द शेवटचा. शब्दामागे मी उभा आहे."

अण्णा गामिनीच म्हणणार, असं जुने खेळाडू धरून चालले होते. अण्णांनी मात्र हंगामभर दोन्ही डाव खेळवून पाहिले. लोक चढाई बघत. अण्णा बाहेर बसलेल्या गड्यांकडे बघत.

सभेत ते उठले. "गामिनीत भ्या हाय. बाद म्हंजे बाद, म्हणून गडी डोकं लावून खेळतो. लई देखणा खेळ. पण कच्चा गडी आदी बाद होतो अन् बसून ऱ्हातो. बसून कुणी शिकतंय व्हय? संजीवनीत त्यो परत आत येतो. आपलं मंडळ शिकवायला हाय. माझं मत संजीवनीला."

"अण्णा फुटले!" मागून कुणीतरी ओरडलं. "कुणाचा चहा प्यालात?"

मी शब्दामागे उभ्या असलेल्या अध्यक्षांकडे पाहिलं. ते खाली मान घालून बसले होते. मंडळाने संजीवनी घेतली आणि जुन्यांचा राग शांत करायला अण्णांची पंचगिरी काढून घेतली.

मी अध्यक्षांच्या दारात जायला निघालो, तर अण्णा सायकलचं चाक फिरवत म्हणाले, "त्येची बाजू सांगता येती का तुला?" येत नव्हती. मागे फिरलो.

पुढे एकदा मोहोळजवळच्या जत्रेत त्यांच्याबरोबर गेलो. गामिनीचा डाव रंगला होता आणि अण्णा घसा बसेपर्यंत ओरडत होते. एका जुन्या खेळाडूने टोमणा मारला, "अण्णा, तुमी तर संजीवनीवाले की!"

"व्हय की. मत तिकडं, जीव हिकडं. दोन्ही माझंच हाय, तुझ्या बापाचं काय जातंय?"

स्वतःच्या जिवाविरुद्ध मत देणारा दुसरा माणूस मी बाजारात पाहिलेला नाही. अण्णा गेले. त्यांनी निवडलेल्या खेळात आमच्या मंडळाने ढाली आणल्या, आणि मैदानाच्या भिंतीवर दगड बसला: 'नवा खेळ आणणारे', खाली अध्यक्षांचं नाव.

अध्यक्षसाहेब, आज मला तुमची बाजू सांगता येते. जुने खेळाडू निघून गेले असते तर मंडळ मोडलं असतं. ते तुम्ही राखलंत. मैदानावर दुकानांचे गाळे होऊ दिले नाहीत. नीट मांडली ना?

आता माझी ऐका. पंचाचं काम अण्णांनी चोख केलं, दिलेला शब्द तुम्ही मोडलात. त्या दगडावर तुमचं नाव कशावरनं? उत्तर द्या. घरी बोलावून नको, मैदानात, सगळ्यांसमोर द्या.