दार सासूबाईंनी उघडलं

दार सासूबाईंनी उघडलं. नेमकं तेच आमच्या प्लॅनमध्ये नव्हतं.

मी नागपुरात महिला समुपदेशन केंद्रात काउन्सेलर आहे. हुडकेश्वरची सुषमा महिनाभर माझ्याशी फोनवर बोलत होती. नवरा बुटीबोरीला एका कारखान्यात. मारायचा अधूनमधून, पण धाक चोवीस तास. तिचा मोबाइल, आधार कार्ड, सगळं त्याने कुलपात ठेवलेलं. आमच्या कामात याला ‘कंट्रोल’ म्हणतात. भीती एकदा बसली की रोज हात उचलावा लागत नाही. सासू आंघोळीला गेली की सुषमा तिचा फोन घेऊन मला लावायची.

आम्ही सेफ्टी प्लॅन केला. म्हणजे कधी निघायचं, काय न्यायचं, कुठे जायचं, हे आधीच ठरवून ठेवायचं. पौर्णिमेला सकाळी नवरा ड्युटीवर, सासू विहारात वंदनेला. अकराला मी आणि साध्या कपड्यातल्या कॉन्स्टेबल रेखाताई ऑटो घेऊन जाणार आणि तिला शेल्टरला, म्हणजे महिलांच्या निवारागृहात, नेणार. निघताना आमच्या सुपरवायझर देशमुख मॅडम म्हणाल्या, “सासू आडवी आली तर वाद नको. मला फोन करा.”

आणि आता ती सासू, वत्सलाबाई, पांढरी साडी नेसून समोर उभी. मी घाईघाईने थाप मारली, “आम्ही हेल्थ सर्व्हेच्या...”

“सर्व्हे राहू द्या. एवढा टाइम काहून लावला वं? साडेदहापासून बसून आहो मी.”

तिच्या पायाशी दोन बॅगा होत्या.

सुषमा आतून आली आणि जागीच थिजली. “आई, तुम्ही विहारात...”

“बुद्धवंदना मनातही होते. हे घे तुझं आधार. त्याच्या अलमारीची दुसरी किल्ली माह्याजवळ आहे.”

“तुम्हाले कसं कळलं?”

“तास तास आंघोळ कोणाले लागते वं? तुझं बोलणं व्हावं म्हणून नळ सोडून बसून राहत होती मी. अन् तू बाथरूमच्या दाराशीच उभी राहून बोलत होती. बहिरी नाही मी!”

रेखाताईंना हसू आवरेना. दुसरी बॅग वत्सलाबाईंची स्वतःची होती. मी मॅडमना फोन लावला.

“मॅडम, सासू आडवी नाही आली. सोबत येतेय.”

“कुठे?”

“शेल्टरला.”

“मग दोन बेड सांगते.”

ऑटोत आम्ही चौघी आणि दोन बॅगा. नंदनवनच्या अलीकडे वत्सलाबाईंचा फोन वाजला. मुलगा! सुषमाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

“हां, बोल. सुषमा? भांडे घासून राहिली. हां, माह्या डोळ्यासमोरच आहे. ठेव.”

फोन बंद झाला आणि आम्हाला हसू फुटलंच. सुषमा हसता हसता रडत होती. ऑटोवाल्याने मागे वळून विचारलं, “शादी में जा रहे क्या, दीदी?” वत्सलाबाई म्हणाल्या, “हो! अन् आधी तर्री-पोहे खाऊन जाऊ. भूक लागली.” तीन प्लेट रस्त्यात, एक रेखाताईंची पार्सल, कारण ड्युटीवर त्या खात नाहीत.

शेल्टरला जाण्याआधी केंद्रात पोचल्यावर वत्सलाबाईंनी बाही वर केली. दंडावर जुने-नवे वळ. “मलेही मारते तो. घर माह्या नावावर आहे, सही दे म्हणते.” सुषमा बघतच राहिली. एका छताखाली दोघी, आणि आपापला मार एकमेकींपासून लपवत होत्या.

घरगुती हिंसाचाराचा कायदा फक्त बायकोसाठी नाही, आईलाही मुलाविरुद्ध दाद मागता येते. आम्ही दोघींचे अर्ज वेगवेगळे केले. कोर्टाला वेळ लागला, पण आदेश मिळाला: घर सोडायचं ते मुलाने. आज दोघी हुडकेश्वरला आपल्याच घरात राहतात. भांडतात म्हणे, पण मीठ जास्त झालं म्हणून.

सुषमाला मी सासूबद्दल पन्नास प्रश्न विचारले होते. सासूला एकही नाही. केंद्रात येणाऱ्या नव्या काउन्सेलर मुलींना मी आता सांगते, घरात जितक्या बायका, तितक्यांशी वेगळं बोला. आपल्यापेक्षा चांगला प्लॅन त्यांच्यातल्या एखादीने आधीच करून ठेवलेला असतो.