खडकावरचं पाणी

आमच्या गावच्या नदीत एक आडवा खडक होता. पूर ओसरताना पाणी त्यावरून गोल उसळी घ्यायचं. फळीवर पालथं पडलं की ती उसळी थेट धुण्याच्या घाटापर्यंत नेऊन सोडायची. पाणी जास्त असलं तर ओढून नेई, कमी असलं तर गुडघे सोलून निघत. खडकाचं नाक तेवढं वर दिसलं, की आमच्यासारख्या अर्धवट पोहणाऱ्या पोरींसाठी पाणी बरोबर असे.

मोठ्या दुष्काळानंतर दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. पहिल्या पंचमीला माहेरी आले, ती या पाण्याच्या ओढीनं. पण नदी रोज भरलेली. पाणी उतरलं त्याच सकाळी सासरे बैलगाडी घेऊन न्यायला आले, कारण गाडीलाही तेवढंच पाणी पार करता येई.

धाकटी बहीण धावत आली. "बाई, नाक दिसून राह्यलं! चाल!"

"माय, एक डाव जाऊ दे ना."

"काहून, सासऱ्याले फळीवर निजून दाखवतं काय?" माय हसली. मग हळूच म्हणाली, "बैल जुपले ना बाई त्याहीनं."

गाडी नदीत उतरली तेव्हा बहीण फळीवर पालथी पडून खडकावरून सुटली आणि किंचाळत घाटाला लागली.

"पोरगी भल्लीच धीट हाय," सासरे कौतुकानं म्हणाले. मलाही येतं, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर गाडी पलीकडच्या काठावर चढली होती.