बंधाऱ्यावरचं हळदीकुंकू

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. थेरगावच्या बंधाऱ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या एक विधवा बाई आम्हा म्हाताऱ्यांना रानबदकं ओळखायला शिकवायच्या. "भाऊ, थापीवानी चोच हाय तो थापट्या. चोचीचं टोक पिवळं, वर दोन लाल ठिपके, ते हळदीकुंकू!" हे नाव त्या लाडानं घ्यायच्या.

एकदा सगळ्यांदेखत मी म्हणालो, "वहिनी, तुम्हाला आता कशाला हळदीकुंकू?"

सगळे हसले. त्याही हसल्या. "व्हय, ध्यानातच न्हाई राह्यलं."

दुसऱ्या दिवशीही त्या आल्या. थापट्या नावानं दाखवला. त्या बदकाकडं मात्र नुसतं बोट केलं. पुढं कायम तसंच.

गेल्या थंडीत त्या वारल्या. "वहिनी, चुकलो, घ्या त्याचं नाव," एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही.