‘जाते’ न म्हणणारी यमुना

“मॅडम, ग्राहक पुन्हा ओरडताहेत. ही बाई ‘परत येते’ म्हणते आणि परत येतच नाही!” आमचा टीम मॅनेजर सेंथिल माझ्या टेबलाशी येऊन कडाडला. तमिळ मुलखातल्या पेरुंगुडीच्या या कॉल सेंटरमध्ये मी इंग्रजी शिकवते. ही बाई म्हणजे यमुना राव. तंजावरची मराठी, राहणार वेस्ट मांबलम. मुलं मोठी झाल्यावर हौसेनं नोकरीला लागलेली.

“उद्याच्या टेस्ट कॉललाही हेच झालं, तर मी तिला नोकरीत कन्फर्म करणार नाही.”

मी रेकॉर्डिंग ऐकलं. काम चोख, बोलणं गोड. शेवटी मात्र दरवेळी, “ओके सर, आय विल कम बॅक.” तक्रार मिटलेली, तरी बिचारा ग्राहक फोनची वाट बघत बसणार.

मला वाटलं, फ्रेझल व्हर्ब कच्ची आहेत. क्रियापदाला ‘ऑन’, ‘अप’ असं शेपूट लागलं की अर्थच बदलतो, ती. मी ती जोडीनं शिकवते, विरुद्ध अर्थासकट. यमुनाला समोर बसवलं.

“हँग ऑन, म्हणजे थांबा. उलट?”

“हँग अप. फोन ठेवणे.”

“कम बॅक?”

“गो अवे.”

सगळं तोंडपाठ! “मग कॉल संपताना ‘कम बॅक’ कशाला गं?”

ती ओशाळली. “मग काय म्हणू, अक्का? ‘आय ॲम गोइंग’? घरी कुणी ‘जाते’ म्हटलं की अम्मा उंबऱ्यावरून परत बोलावते. तमिळमध्ये ‘पोयिट्टु वरेन’ म्हणायचं, म्हणजे ‘जाऊन येते’. ‘जाते’ म्हणायला माझी जीभच वळत नाही.”

मला हसू आवरेना. साताऱ्याहून इथं आलेली मी तरी काय करते? रोज घरून ‘येते’ म्हणूनच निघते. मला ती एकदम माहेरची वाटली.

“मग जाऊच नकोस,” मी म्हटलं. “‘युवर प्रॉब्लेम इज सॉर्टेड आउट, हॅव अ नाइस डे’ म्हण. त्यात कुणी जात नाही.”

दुसऱ्या दिवशी टेस्ट कॉल छान झाला. शेवटी ती अडखळली. सेंथिलनं भुवया उंचावल्या. मग तिनं शिकवलेलं वाक्य म्हटलं आणि कॉल कट केला. हेडफोन उतरवून त्याच्याकडे बघत हळूच पुटपुटली, “येते हां.”

“आता काय म्हणाली?” सेंथिलनं विचारलं.

“पोयिट्टु वरेन,” मी त्याला तमिळमध्ये सांगितलं.

तो खुदकन हसला. “माझी अम्मा फोनवर रोज हेच म्हणते.” यमुना कन्फर्म झाली.

तेव्हापासून मी विरुद्ध अर्थ शिकवते, पण आधी विचारते, हा शब्द तुमच्या घरी उंबऱ्यावर चालतो का?