मामांची डुलणारी लुना

शत्रूच्या विमानाला आकाशात आडवं जाणारं इंटरसेप्टर विमान अजून मोडीत निघालेलं नाही, हे अख्ख्या शिरूर कासार तालुक्यात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. मामांनी हवाई दलातली सगळी नोकरी असल्या विमानांत इंधन भरण्यात घालवली. स्वतः कधी उडाले नाहीत. पण गावाच्या हद्दीत अनोळखी गाडी शिरली की मामांची लुना सुटलीच! गाडीच्या बरोबरीनं पळत आत डोकावायचं, माणूस आपला निघाला की पुढं होऊन लुना डावी-उजवीकडं डुलवायची. "इमानं पंख हालवतेत, तसं हाय हे. म्हंजे, वळखलंय, माज्यामागं या." एकदा वाट चुकलेल्या नवरदेवाची गाडी त्यांनी अशीच थेट स्वतःच्या अंगणात आणली आणि आत्याच्या हातचा चहा पाजूनच मांडवाकडं सोडली.

मी पत्रकं काढणारा. 'क्षेपणास्त्रांच्या जमान्यात इंटरसेप्टर म्हणजे तोफेपुढं उभा केलेला भालदार!' असं ठणकावून छापलं होतं. मामांनी ते वाचून घडी घातली.

"लई जोरात लिव्हलंस, लेका. पण सुटल्याला गोफणीचा धोंडा म्हागारी बोलावता येतो का? इमानातला गडी जवळ जाऊन बघतो. आपलाच निघाला तर हात आवरतो."

"मामा, तोवर क्षेपणास्त्र येऊन पडेल!"

"क्षेपणास्त्र अडवायला क्षेपणास्त्रच पायजे. मी कुटं न्हाई म्हन्लं? पन वरून येतंय ते समदंच काय क्षेपणास्त्र नसतंय."

गेल्या उन्हाळ्यात मोबाईलवर निरोप फिरला: पोरं पळवणारी टोळी, परराज्याच्या नंबरचा टेम्पो. भरदुपारी तसाच टेम्पो ओढ्यापलीकडं दिसला. रस्त्यावर हीऽ गर्दी! हातात धोंडे, काठ्या. सभा गाजवणारा मी बेंबीच्या देठापासून ओरडत होतो, "पोलिसांना बोलवा!" कोण ऐकतो? तेवढ्यात गर्दी फोडून मामा एकटेच लुनावर निघाले आणि टेम्पोच्या धुळीत दिसेनासे झाले. एकानं धोंडा डोक्यावर उचललासुद्धा होता.

मग धुळीतून लुना बाहेर आली. डुलत. डावीकडं, उजवीकडं.

ती खूण गावाला पाठ होती. उचललेले हात खाली आले. टेम्पोत आमच्याच वस्तीवरची, कर्नाटकातून ऊस तोडून परतणारी दोन कुटुंबं होती. भांडीकुंडी, कोंबड्या आणि झोळीत निजलेलं बाळ. धोंडा उचलणाऱ्याची सख्खी बहीण त्या बाळाची आई. तो तिथंच रस्त्यात मटकन बसला. मामा त्याला एवढंच म्हणाले, "ऊठ बे, सामान उतरव."

ते पत्रक मी पुन्हा वाटलं नाही.

आता मामांचे गुडघे चालत नाहीत. लुना पत्र्याखाली उभी आहे आणि ते हद्दीवरच्या लिंबाखाली बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं डोळे बारीक करून बघतात. नजरही आता अधू झालीय. म्हणून त्यांच्यासमोर आलो की मी मोटारसायकल डावी-उजवीकडं डुलवतो. मागचे गाडीवाले शिव्या घालतात. मामा क्षणभर निरखतात, मग सावकाश हात वर करतात, आणि मी गावात शिरतो.