मोजलेलं मटण
माझ्या हॉटेलात मटण शिजायला लागलं की आईची परळची खानावळ आठवते. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे दिवस होते. आई गिरणीकामगारांना अंदाजाने वाढायची, त्यामुळे शेवटच्या पंगतीला नुसता रस्सा उरायचा आणि ती माणसं समोरच्या खानावळीत जाऊ लागली होती. असंच चाललं असतं तर आमची चूल विझली असती. एका रविवारी आईने पातेल्याशेजारी तराजू मांडला. "वैनी, आमी काय रेशनच्या दुकानात इलंव?" म्हणत गावचे एक काका ताटावरून उठले. त्यांच्यामागे बाकीचेही उठायच्या बेतात होते. पंगतीत बसलेल्या माझ्या वडिलांची भरलेली वाटी उचलून आईने पारड्यात ठेवली आणि तिच्यातल्या दोन फोडी परत पातेल्यात टाकल्या. वडिलांचे कान लाल झाले. कुणी घास उचलेना. मग ते म्हणाले, "रस्सो तरी अंदाजान वाढ गो." कुणीतरी हसलं आणि काका खाली बसले. त्या दिवशी शेवटच्या पंगतीलाही मटण पुरलं. वडील मात्र दोन दिवस आईशी बोलले नाहीत. आता धंदा करताना मला वाटतं, तिने पहिली वाटी काकांची मोजली असती, तर खानावळ त्याच दुपारी रिकामी झाली असती.