उजव्या पायाचे तीनशे बूट

खेळाचं सामान स्वस्तात हवं असेल तर जुन्या मॉलमध्ये जा, असं शहरातला कुणीही सांगतो. तिथे काय ऐकून घ्यावं लागतं ते मात्र कुणी सांगत नाही. तीन मजले, मधोमध एक सरकता जिना. तो सरकायचा थांबून इतकी वर्षं झाली की त्याच्या पायऱ्यांवर आता टेबल टेनिसच्या बॅटी विकायला मांडलेल्या असतात. ट्यूबलाइट दिवसाही लावाव्या लागतात आणि त्यातल्या निम्म्या डोळे मिचकावतात. गिऱ्हाइकाने बॅट उचलली की दुकानदार विचारतो, "घ्यायचीय की नुसती फिरवायचीय?" तरीही लोक येतात, कारण कंपन्या बुडतात, मॉडेलं बंद पडतात, आणि सगळीकडचा उरलासुरला माल शेवटी इथल्या भिंतींवर टांगला जातो.

दुसऱ्या मजल्यावर दोन गाळे समोरासमोर आहेत. मधला पॅसेज अकरा फरशांचा. इकडच्या गाळ्यात थोरला भाऊ बसतो, तिकडच्या गाळ्यात धाकटा. अख्खा मॉल त्यांना उजवे आणि डावे म्हणतो, अगदी तोंडावरसुद्धा. त्यामागची गोष्ट ऐकली की आधी हसू येतं.

वडील होते तेव्हा दोन्ही गाळे मिळून दुकान एकच होतं. इकडे मांडणी, तिकडे साठा. बुटांच्या धंद्यात अख्खा जोड कुणी बाहेर ठेवत नाही, कारण तो पायात घालून चालू लागणारा एखादा भेटतोच. म्हणून उजवा बूट भिंतीवर आणि डावा खोक्यात. वडील गेले आणि वर्षाच्या आत वाटणी निघाली. त्या दिवशी दोघंही इतके तापले होते की मालाकडे बघायचंही भान नव्हतं. थोरल्याने मॉलच्या सेक्रेटरीसमोर धाकट्याला चोर म्हटलं; साठ्यातले फुटबॉल परस्पर विकतो म्हणाला. ते खोटं होतं आणि ते बोलताना त्यालाही ठाऊक होतं. धाकट्याने कागद ओढून लिहिलं, इकडच्या गाळ्यात आहे ते थोरल्याचं, तिकडच्या गाळ्यात आहे ते धाकट्याचं, यापुढे कुणी कुणाच्या दारात पाऊल ठेवायचं नाही. दोघांनी सह्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाने भिंतीवरचा बूट पायात घातला, दोन पावलं चालून बघितलं आणि म्हणाला, "छान आहे. दुसरा काढा." तेव्हा थोरल्याला उमगलं की आपल्या वाट्याला तीनशे उजवे बूट आलेत.

शहाण्या माणसाने त्याच क्षणी अकरा फरशा ओलांडल्या असत्या. याने गिऱ्हाइकाला हाकलून दिलं. धाकट्याकडे तीनशे खोकी होती आणि प्रत्येकात एक डावा बूट, पण तोही जागचा हलला नाही. आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा हा धंदा दोघांनी नऊ वर्षं चालवला. पोटासाठी दोघंही नवा माल आणायचे, विकायचे. पण थोरल्याच्या मागच्या भिंतीवर ते तीनशे बूट तसेच होते. रोज सकाळी शटर वर करून तो आधी फडकं घ्यायचा आणि एकेक बूट पुसायचा, टाचेपासून टोकापर्यंत. पुसताना पाठ पॅसेजकडे आणि लक्षही पॅसेजकडेच. समोरच्याला दिसलं पाहिजे, एवढ्यासाठी तो पुसत होता, बुटांच्या मायेने नव्हे.

या सगळ्यात भरडली गेली ती त्याची मुलगी.

मुलगी आठशे मीटर धावायची, आणि चांगली धावायची. पण त्या घराण्याचा पाय विचित्र. पुढून फावड्यासारखा रुंद, मागून टाच एवढीशी. आजोबांचा तसा, बापाचा तसा, काकाचा तसा आणि तिचाही तसाच. आता मिळणारे खिळ्यांचे बूट चिंचोळे. तिची करंगळी त्यात सोलून निघायची. भिंतीवर तिसऱ्या रांगेत, खिडकीपासून पाचवा, एक निळा बूट होता. सात नंबर, रुंद पंज्याचा, खिळ्यांचा. बुडालेल्या कंपनीचा माल. त्यातला उजवा तिने किती वेळा घालून बघितला होता त्याला हिशेब नाही. जणू तिच्याच पायाचं माप घेऊन बनवलेला.

"बाबा, बूट मागवून घेऊ का रुंद? बाहेरून येतात. महिना लागतो," ती वर्षभर विचारत होती.

"घरात जोड असताना कशाला मागवायचा?" तो भिंतीकडे बोट करायचा. "असला तळ आता बनत नाही. वेळ आली की काढू."

"काढाल कसा?" डबा द्यायला आलेली बायको एकदा म्हणाली. "अर्धा जोड तिकडे आहे. सुंभ जळला, पण तुमचा पीळ काही जात नाही."

"येईल तो द्यायला. त्याला गरज पडेल तेव्हा झक मारत येईल."

ही वेळ बुधवारी आली. रविवारी निवड होती, तीन मुली संघात घेणार होते, आणि बुधवारच्या सरावात तिचा जुना, शिवून शिवून चालवलेला बूट पंज्यापाशी उभा फाटला. पायाला पट्टी बांधून ती गुरुवारी सकाळी दुकानात आली आणि निळ्या बुटाखाली उभी राहिली.

थोरल्याने शटर अर्धं ओढलं. "चल," तो म्हणाला, "मॉल मोठा आहे."

तीस वर्षं या मॉलमध्ये बसलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा तिथे गिऱ्हाईक म्हणून फिरला. आणि मॉलने त्याला गिऱ्हाइकासारखंच वागवलं. तळमजल्यावरच्या बूटवाल्याने दोन जोड पुढे टाकले; दोन्ही चिंचोळे. पोहण्याच्या सामानवाली बाई म्हणाली, "तुमच्याकडेच आहे ना हो? निदान अर्धा तरी." तिच्या मागचा कॅरम पॉलिश करणारा खाली मान घालून हसला. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या दुकानदाराने मुलीचा पाय हातात घेऊन बघितला, मग बापाकडे बघितलं. "हा पाय मी ओळखतो," तो म्हणाला. "याचा बूट दुसऱ्या मजल्यावर मिळतो. दोन दुकानांत मिळून." थोरल्याची कानशिलं तापली. तो त्याला शिवी देणार होता, पण मुलगी खाली वाकून पट्टी नीट करत होती, म्हणून गिळली.

जिना उतरताना मुलगी म्हणाली, "मी काकांकडे जाऊन आले."

तो पायरीवरच थांबला. "कधी?"

"काल. म्हणाले, बूट आहे. बापाला पाठव."

"पाहिलंस? पोरीच्या पायावर राजकारण करतो, हलकट."

"आणि तुम्ही काय करताय?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मला रविवारी धावायचंय, बाबा. तुमच्यात कोण जिंकलं ते नंतर ठरवा."

त्याने अकरा फरशा ओलांडल्या. आजूबाजूच्या गाळ्यांतली सगळी डोकी बाहेर आली. कुणीतरी चहा तसाच हातात धरून उभा राहिला. धाकटा काउंटरमागे फुटबॉलमध्ये हवा भरत होता. त्याने पंप थांबवला नाही.

"सात नंबर, रुंद, खिळ्यांचा, निळा," थोरला म्हणाला. "डावा."

"सुटा बूट आम्ही विकत नाही."

"मग जोड दाखव."

पंप थांबला. दोघांनी एकमेकांकडे नऊ वर्षांनी सरळ बघितलं. धाकट्याचे केस बरेच पिकले होते. ते थोरल्याला पॅसेजपलीकडून कधी दिसले नव्हते, आणि त्याचाही त्याला रागच आला.

"बूट देतो," धाकटा म्हणाला. "फुकट देतो. तू त्या दिवशी सगळ्यांसमोर मला काय म्हणालास ते आठवतंय का, दादा?"

"आठवतंय."

"ते खरं होतं?"

थोरल्याने वळून बघितलं. मागे दारात मुलगी उभी होती, एका पायावर भार टाकून. त्याला वाटलं, हा माणूस नऊ वर्षं या एका मिनिटाची वाट बघत बसलाय, आणि आपण त्याला ते हातात आणून देतोय. त्याला मनापासून धाकट्याचा गळा धरावासा वाटला.

"खोटं होतं," तो म्हणाला.

"जरा मोठ्याने."

"खोटं होतं. तू चोर नव्हतास. आण आता बूट."

धाकट्याने शिडी लावली आणि स्वतः वर चढला. तोंडावर जिंकल्याचा आनंद मावत नव्हता. वरच्या फळीवरून त्याने धूळभरलं खोकं काढलं, काउंटरवर ठेवलं, झाकण उचललं आणि दुकानदाराच्या सवयीने बूट टाचेला धरून पुढे केला. टाच त्याच्या हातात राहिली. बूट काउंटरवर पडला आणि त्याचा तळ बिस्किटासारखा चुरा होऊन काचेवर पसरला.

"पाणी मारलंस यावर," थोरला ओरडला. "मुद्दाम नासवलास."

धाकट्याचा चेहरा उतरला होता. त्याने दुसरं खोकं ओढलं, मग तिसरं, मग हाताला लागेल ते. एकात चुरा, दुसऱ्यात चिकट काळा लगदा. न वापरता ठेवलेला बूट आतून मरतो, हे मॉलमधला शेंबडा पोरगाही सांगेल. हे दोघं तर बुटांतच जन्मलेले. नऊ वर्षांत धाकट्याने एकही झाकण उघडलं नव्हतं. खोकी गेली नाहीत ना, एवढंच तो मोजायचा.

थोरला वळला आणि जवळजवळ पळतच आपल्या गाळ्यात आला. आपला माल हवेवर आहे, रोज पुसलेला आहे, आपला नीट असणार. त्याने तिसऱ्या रांगेतला पाचवा बूट काढला. निळा रंग आरशासारखा चकाकत होता. त्याने बूट दोन्ही हातांत धरून वाकवला आणि तळ मधोमध कडकन तुटला.

मुलगी मागून आली होती. तिने तुटलेला तुकडा उचलला, बोटांनी चुरगाळून बघितला.

"रोज पुसत होतात," ती म्हणाली. "एकदाही वाकवून बघितला नाहीत?"

तिने हात झटकले आणि ती जिना उतरून गेली. तळमजल्यावर तिने पुरुषांचा नऊ नंबरचा जोड घेतला, पुढे कापूस कोंबायचा म्हणून.

रविवारी मॉल उघडा असतो. थोरला शटर वर करून बसला होता, फोन समोर ठेवून. तिने मैदानावर यायला मनाई केली होती. दुपारी बायकोचा फोन आला. तो ऐकत राहिला, "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. मागे भिंतीवर दोनशे नव्याण्णव बूट होते आणि त्या दिवशी ते कुणी पुसले नव्हते.

पलीकडे धाकटा स्टुलावरून उठून दारापर्यंत आला. उंबऱ्यापाशी थांबला.

"काय झालं?"

थोरल्याने फोन उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "चौथी."

"किती घेतल्या?"

त्याला ठाऊक होतं. अख्ख्या मॉलला ठाऊक होतं. तरी त्याने विचारलं, आणि थोरल्याला ते स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं.

"तीन."